लिफ्ट केलेल्या पिकअपची मागची बाजू समतल करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात २०१६ साली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ साली टोयोटा हायलक्स आली. तेव्हापासून शेती-धंद्याबरोबरच प्रवासासाठी पिकअप घेणारे आणि ती लिफ्ट करून, म्हणजे उंच करून घेणारे लोक महाराष्ट्रातही दिसू लागले आहेत. लिफ्ट करताना बहुतेकांचे लक्ष पुढच्या स्ट्रटवर (कॉइल स्प्रिंग आणि शॉकच्या जोडणीवर) असते. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) एकतर आहेत तसेच राहतात, नाहीतर त्यांच्याखाली दुकानात मिळेल तो ब्लॉक (उंची वाढवणारा ठोकळा) बसवला जातो. पुढील उत्तरे या मागच्या बाजूविषयी आहेत. ती पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे असलेल्या, लॅडर चॅसिसच्या (शिडीसारख्या सांगाड्याच्या) पिकअपना लागू पडतात. मागेही कॉइल असलेल्या गाड्यांसाठी वेगळा प्रश्न दिला आहे.

पुढे लिफ्ट केल्यावर मागची बाजू बसल्यासारखी का दिसते?

कारखान्यातून बाहेर पडणारी रिकामी पिकअप मुद्दाम मागे उंच ठेवलेली असते. हौद्यात ओझे पडले की पाटे दबावेत आणि गाडी सपाट व्हावी, हा त्यामागचा हेतू असतो. हा उतार साधारणपणे २५ ते ५० मिलिमीटर असतो. पुढच्या बाजूला ५० मिलिमीटरची लिफ्ट बसली की तो संपतो आणि रिकामी गाडी डोळ्यांना छान सपाट दिसते. मग हौद्यावर कॅनोपी चढते, मागे जड बंपर लागतो, पाण्याचे दोन जेरीकॅन आणि चार माणसांचे सामान येते आणि गाडीचे नाक वर, शेपूट खाली अशी अवस्था होते. पाटे जुने असतील तर त्यांची कमान आधीच उतरलेली असते आणि ही अवस्था रिकाम्या गाडीतही दिसू लागते.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. स्ट्रटच्या डोक्यावर २५ मिलिमीटरचा स्पेसर बसवला तर चाकापाशी उंची जवळजवळ दुप्पट वाढते, कारण स्ट्रटचे खालचे टोक चाकापाशी नसून चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या मधल्या भागावर टेकलेले असते. किटवर लिहिलेला आकडा स्पेसरच्या जाडीचा आहे की चाकापाशी मिळणाऱ्या उंचीचा, हे विचारून घेतल्याशिवाय मागचे गणित मांडू नये.

‘समतल’ म्हणजे नेमके किती?

आपली गाडी वर्षातले बहुतांश दिवस जे ओझे घेऊन धावते, त्या ओझ्यासह चॅसिस सपाट किंवा मागे किंचित उंच असावी, हेच समतलपणाचे योग्य माप आहे असे आमचे ठाम मत आहे. रिकामी गाडी शोरूमसमोर कशी दिसते यावरून मागची उंची ठरवू नये. जी पिकअप आठवडाभर रिकामी फिरते आणि क्वचित दोन पोती घेते, तिला रिकामेपणी मागे १५ ते २५ मिलिमीटर जास्त उंची पुरते. कायमची कॅनोपी, ड्रॉवर आणि छतावरचा तंबू असलेल्या गाडीचे तसे नसते. ते सगळे वजन तिच्या ‘रिकाम्या’ वजनातच धरावे आणि त्याच्यावर प्रवासाच्या सामानाची भर मोजावी.

मोजमाप कसे घ्यावे?

सपाट फरशी किंवा काँक्रीट शोधावे. पेट्रोल पंपाचे आवार सहसा पाणी वाहून जावे म्हणून उतरते केलेले असते, त्यामुळे ते टाळावे. चारही टायरमध्ये ठरलेला दाब भरावा आणि टाकीत किती डिझेल आहे ते लिहून ठेवावे. ऐंशी लिटर डिझेलचे वजन सुमारे ६७ किलो होते, म्हणजे एका माणसाइतके. रिकाम्या टाकीवर घेतलेले माप आणि भरलेल्या टाकीवर घेतलेले माप यांची तुलना करता येत नाही.

पाट्यांची एक सवय मापात घोळ घालते. पाटे एकमेकांवर घासत सरकतात आणि त्या घर्षणामुळे जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी काही मिलिमीटर उंचच अडकून राहते. म्हणून माप घेण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे चालवावी, हौदा चार-पाच वेळा खाली दाबून सोडावा आणि मगच टेप लावावा.

माप चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावे. असे केल्याने टायरचा आकार आणि त्यातली हवा हिशेबातून बाहेर पडते. चारही कोपऱ्यांचे आकडे स्वतंत्र लिहावेत. मात्र पुढच्या आणि मागच्या मडगार्डची कड कारखान्यातच वेगवेगळ्या उंचीवर कापलेली असते, त्यामुळे पुढचा आकडा आणि मागचा आकडा सारखा आला म्हणजे गाडी सपाट झाली असे होत नाही. गाडी पुढे-मागे सपाट आहे की नाही, हे पाहण्यासाठी दोन्ही दारांच्या खाली जो चॅसिसचा सरळ भाग जातो त्यावर पाणसळ धरावी. मोबाइलमधली पाणसळही चालते, पण ती आधी एकदा उलटसुलट ठेवून दोन्हीकडे सारखी दाखवते का ते तपासावे.

आपले पाटे किती ताठ आहेत, हे घरी समजू शकते का?

समजू शकते, आणि नवे पाटे किंवा एअरबॅग (पाट्यांना मदत करणारी हवेची पिशवी) विकत घेण्याआधी ही परीक्षा जरूर करावी. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते, त्यामुळे वेगळा वजनकाटा लागत नाही. रिकाम्या गाडीचे मागचे माप घ्यावे, मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर दोन पोती ठेवावीत, हौदा दाबून सोडावा आणि पुन्हा मोजावे. मग आणखी दोन पोती ठेवून तिसऱ्यांदा मोजावे. एकूण वजन गाडीच्या अधिकृत भारक्षमतेत बसते याची खात्री आधीच करावी.

उदाहरण घेऊ. पहिल्या दोन पोत्यांनी हौदा २८ मिलिमीटर खाली गेला आणि पुढच्या दोन पोत्यांनी २० मिलिमीटर गेला, तर सुरुवातीला मागच्या दोन्ही बाजूंचे पाटे मिळून दर मिलिमीटरला सुमारे साडेतीन किलो आणि नंतर पाच किलो वजन पेलत होते. पोती तीच असूनही दुसऱ्या टप्प्यात हौदा कमी दबला, कारण खालचा, जास्त ओझ्यासाठी राखलेला जाड हेल्पर पाटा कामाला लागला. अशा गाडीत १२० किलोचे कायमचे सामान असेल तर केवळ त्यामुळे मागची बाजू ३० मिलिमीटरहून अधिक खाली येणार, हे आधीच सांगता येते आणि किती उंची भरून काढायची हेही अंदाजावर राहत नाही.

सामान अ‍ॅक्सलच्या मागे लटकत असेल तर हिशेब बदलतो. सुमारे ३.१ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) पिकअपमध्ये १०० किलो वजन अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे ठेवले, तर मागच्या अ‍ॅक्सलवर सुमारे १३२ किलो पडतात आणि पुढची चाके ३२ किलोने हलकी होतात. मागच्या बंपरवर दोन स्टेपनी आणि जेरीकॅन लावणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा, कारण पुढची चाके हलकी झाली की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची पकड कमी होते.

मागची उंची वाढवण्याचे मार्ग कोणते, आणि त्यांतला कोणता निवडावा?

निवड उणिवेवर अवलंबून असते. पाटे शाबूत आहेत आणि फक्त उंची कमी पडते, की पाटे ओझे पेलण्यातच कमी पडतात, हे आधी ठरवावे. वरची पोत्यांची परीक्षा त्यासाठीच आहे.

फक्त उंचीच हवी असेल तर अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये बसणारा ब्लॉक हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्याने पाट्यांचा ताठपणा बदलत नाही आणि गाडीची चाल आहे तशीच मऊ राहते. एका ओतीव किंवा भरीव तुकड्याचा, २५ ते ५० मिलिमीटर उंचीचा आणि खाली खुंटी, वर खाच असा ब्लॉक योग्य ठरतो. ती खुंटी अ‍ॅक्सलच्या बैठकीच्या भोकात घट्ट बसली पाहिजे, कारण अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकू नये याची जबाबदारी तिच्यावरच असते. पट्ट्या जोडून वेल्डिंग केलेला पोकळ ठोकळा किंवा लाकडाचा तुकडा येथे कधीही वापरू नये. ब्लॉकची दुसरी अडचण म्हणजे गाडीने जोरात वेग घेताना अ‍ॅक्सल पाट्यांना पिळतो आणि ब्लॉक जितका उंच तितकी त्या पिळाला तरफ मोठी मिळते. हे सगळे पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसवलेल्या गाडीचे झाले. काही टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतात आणि तेथे मध्ये ब्लॉक घातला तर गाडी उलट खाली बसते.

लांब शॅकल (पाट्यांचे एक टोक चॅसिसला जोडणारी झुलती कडी) हा दुसरा स्वस्त मार्ग आहे, पण शॅकल ५० मिलिमीटरने लांब केला तरी उंची अंदाजे २५ मिलिमीटरच मिळते, कारण पाट्यांचे एकच टोक खाली सरकते. त्याबरोबर अ‍ॅक्सल सुमारे दोन अंशांनी फिरतो आणि पिनियनचे (अ‍ॅक्सलला इंजिनाची ताकद देणाऱ्या दातेरी दांड्याचे) तोंड वर होते. शिवाय लांब शॅकलवर गाडी आडवी डोलते. घाटात रोज जाणाऱ्या गाडीसाठी आम्ही तो सुचवत नाही.

पाटे थोडे दमलेले असतील तर संचात एक जादा पाटा घालता येतो. आखूड जादा पाटा गाडी उचलतो, पण त्याचे टोक वरच्या पाट्याला एकाच ठिकाणी दाबत राहते, चाल टणक होते आणि पुढे त्याच जागी पाटा तुटण्याचा धोका असतो. जवळजवळ पूर्ण लांबीचा जादा पाटा महाग पडतो, पण भार सगळ्या लांबीवर वाटतो. घ्यायचाच असेल तर हाच घ्यावा.

कायमचे ओझे असलेल्या गाडीसाठी सर्वांत सरळ उत्तर म्हणजे त्या ओझ्यासाठी बनवलेला नवा पाट्यांचा संच आणि त्याला जुळणारे शॉक. ओल्ड मॅन इमू किंवा आयर्नमॅनसारखे उत्पादक वेगवेगळ्या भारांसाठी वेगळे संच देतात. मागवताना आपले खरे वजन सांगावे. बऱ्याच जणांचा कल ‘असू द्या जास्तच’ असा असतो, आणि तीनशे किलोंसाठी बनवलेला संच रिकाम्या गाडीत बसला की ती खड्ड्यात उसळते, मागची चाके रस्ता सोडतात आणि उंचीही ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त होते. नवे पाटे पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसतात, म्हणून अंतिम माप लगेच घेऊ नये.

एका ब्लॉकवर दुसरा ब्लॉक ठेवला तर चालेल का?

चालणार नाही. दोन ब्लॉकमधला सांधा ब्रेकच्या आणि पिळाच्या झटक्यांनी सरकतो, पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू बोल्ट ढिले होतात आणि अ‍ॅक्सल जागेवरून हलला की मागची चाके आपोआप एका बाजूला वळतात. अनेक अमेरिकन पिकअपना कारखान्यातूनच एक ब्लॉक असतो; तेथे जास्त उंची हवी असेल तर मूळ ब्लॉक काढून त्याच्या जागी एकच उंच ब्लॉक घालावा.

जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेणे योग्य आहे का?

महामार्गावरच्या जवळजवळ प्रत्येक ट्रक टर्मिनलजवळ पाटेवाले असतात आणि त्यांचे कौशल्य वादातीत आहे. थंड अवस्थेत ठोकून किंवा प्रेसवर दिलेली कमान काही काळ टिकते, आणि पाट्यांना चीर नसेल तर तात्पुरता उपाय म्हणून ती स्वीकारता येते. भट्टीत लाल करून वाकवलेल्या पाट्याची गोष्ट वेगळी आहे. स्प्रिंगचे पोलाद आपला ताठपणा कारखान्यातल्या ठरावीक तापमानाच्या पाणी देण्यातून मिळवते. तो पाटा पुन्हा तापवला आणि हवेत थंड होऊ दिला तर तो मऊ पडतो व लवकरच बसतो, आणि घाईने पाण्यात बुडवला तर ठिसूळ होऊन तुटतो. तापवूनच काम करायचे असेल तर नंतर रीतसर हार्डनिंग आणि टेंपरिंग करणारे ठिकाण शोधावे. चालकाच्या बाजूचा एकच संच ठीक करून घेण्यात काटकसर करू नये. दोन्ही बाजू एकत्रच कराव्यात.

एअरबॅग बसवल्या तर गाडीची भारक्षमता वाढते का?

वाढत नाही. नोंदणी प्रमाणपत्रावरचे एकूण वजन अ‍ॅक्सल, चॅसिस, ब्रेक, चाके आणि टायर या सगळ्यांवर ठरलेले असते, आणि एअरबॅग त्यांपैकी कशालाही मजबूत करत नाही. अधूनमधून ओझे नेणाऱ्यासाठी त्यांची सोय मात्र खरी आहे: रिकामेपणी किमान दाब ठेवावा, सामान चढले की हवा भरून उंची मूळ आकड्यावर आणावी.

धोका जास्त हवा भरण्यात आहे. पाटे चॅसिसला पुढे आणि मागे अशा दोन दूरच्या ठिकाणी वजन देतात. एअरबॅग तेच वजन अ‍ॅक्सलच्या वरच्या एका जागी देते. हौद्याच्या मागच्या टोकाला ओझे, मध्ये ताठ एअरबॅग आणि खाली कच्चा रस्ता अशी गाठ पडली की डबल कॅबची चॅसिस कॅब आणि हौदा यांच्यामधल्या भागात वाकू शकते. म्हणून दबलेल्या पाट्यांचे सगळे काम एअरबॅगवर सोपवू नये आणि दोन्ही बॅगांना वेगळी हवेची नळी द्यावी. एकाच नळीने जोडलेल्या बॅगांमध्ये वळणावर बाहेरच्या बाजूची हवा आतल्या बाजूला जाते आणि गाडी अधिक कलते. बॅगेची नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर बांधलेली आहे, हे वाकून स्वतः पाहावे.

मागची उंची वाढवल्यावर ब्रेकवर काही परिणाम होतो का?

होऊ शकतो, आणि या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, चॅसिसला बसवलेला एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्यापासून निघालेली बोटाएवढी बारीक कांडी किंवा स्प्रिंग अ‍ॅक्सलला जोडलेली असते. गॅरेजमध्ये त्याला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात. हौदा दबला की चॅसिस अ‍ॅक्सलजवळ येते, कांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब देतो. हौदा रिकामा असला की तो दाब कमी करतो, म्हणजे हलकी मागची चाके ब्रेक लावताच लॉक होत नाहीत. आता या गाडीत ५० मिलिमीटरचा ब्लॉक घातला तर चॅसिस अ‍ॅक्सलपासून कायमची दूर गेली. व्हॉल्व्हच्या दृष्टीने ती गाडी रिकामीच नव्हे, तर रिकाम्याहूनही हलकी झाली. त्यामुळे पूर्ण ओझे घेऊन घाट उतरताना मागचे ब्रेक निम्म्या मनाने लागतात, सगळा ताण पुढच्या डिस्कवर येतो आणि पॅड तापून ब्रेक सुटू लागतात.

उपाय साधा आहे: कांडीचे अ‍ॅक्सलकडचे टोक जितकी लिफ्ट केली तितकेच वर उचलणारी ब्रॅकेट बसवावी आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे व्हॉल्व्हचे माप जुळवून घ्यावे. कांडी तारेने वर बांधून ठेवणे हा उपाय नाही, कारण मग रिकाम्या गाडीत मागची चाके लॉक होतील. एबीएस आणि इलेक्ट्रॉनिक ब्रेक वितरण असलेल्या अनेक नव्या मॉडेलांत हा व्हॉल्व्ह नसतो. आपल्या गाडीत तो आहे का, हे काम सुरू करण्याआधी खाली वाकून पाहावे आणि मेकॅनिकला दाखवावे.

त्याच वेळी अ‍ॅक्सल पूर्ण लटकवून ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर आणि डिफरन्शियलची ब्रीदर नळी ताणली जात नाही ना, हेही तपासावे.

लिफ्टनंतर गाडीला थरथर का जाणवते?

गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांचे कोन बदललेले असतात. गाडी जागेवरून निघताना पहिल्या काही मीटरमध्येच थरथर आली तर दोन तुकड्यांच्या शाफ्टचे मधले बेअरिंग पाहावे. ते काही मिलिमीटर खाली आणणारे स्पेसर बहुधा पुरतात. विशिष्ट वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येणारी आणि पाय काढल्यावर जाणारी थरथर पिनियनच्या कोनाकडे बोट दाखवते. त्यासाठी पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये एक-दोन अंशांची पाचर बसवतात. कोन मोजल्याशिवाय ती बसवू नये, आणि अ‍ॅल्युमिनियमची मिळाली तरी पोलादाची घ्यावी. ठरावीक वेगाला, पाय ठेवला काय नि काढला काय, थरथर सारखीच येत असेल तर आधी टायर आणि चाकांचे बॅलन्सिंग पाहावे.

मागचे शॉक बदलावे लागतात का?

मूळ शॉक २५ मिलिमीटरपर्यंत बहुधा पुरतो, ५० मिलिमीटरला सहसा पुरत नाही. अ‍ॅक्सल लटकवल्यावर पाटे अजून खाली जाऊ पाहत असताना शॉक ताणून थांबला, तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात त्याचा दांडा आणि बुश ओढले जातील. दबण्याचीही सीमा पाहावी: शॉक पूर्ण मिटण्याआधी बंप स्टॉप (अ‍ॅक्सलला अडवणारा रबरी ठोकळा) टेकला पाहिजे. ब्लॉक घातला असेल तर बंप स्टॉपही तेवढाच खाली आणावा, नाहीतर उंच टायर मडगार्डला घासेल.

गाडी एका बाजूला कलली असेल तर त्या बाजूला जाड ब्लॉक घालावा का?

आधी कारण शोधावे. एका बाजूला टाकी, बॅटरी आणि चालक असले की काही मिलिमीटरांचा फरक स्वाभाविक असतो. त्याहून जास्त असेल तर डावा आणि उजवा पाट्यांचा संच अदलाबदल करून पाहावा: कल दुसऱ्या बाजूला गेला तर पाटे दोषी, तेथेच राहिला तर पुढचे स्ट्रट किंवा वजनाची मांडणी दोषी. चॅसिस ताठ असते, त्यामुळे पुढच्या उजव्या कोपऱ्यातली उणीव मागच्या कोपऱ्यांतही दिसते. पुढचा दोष मागे ब्लॉक घालून झाकला तर चारही चाकांवरचे वजन वाकडे वाटले जाते.

मागची बाजू फारच उंच झाली आहे. ती खाली कशी आणावी?

जादा पाटा घातला असेल तर तो काढावा, ब्लॉक असेल तर कमी उंचीचा घ्यावा. खालचा हेल्पर पाटा काढून उंची कमी करण्याचा सल्ला काही ठिकाणी मिळतो. तो मानू नये, कारण ओझे पेलण्याची राखीव ताकद त्याच्यातच असते.

मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या पिकअपचे काय?

अमेरिकेत २००९ च्या मॉडेलपासून रॅम १५०० ला मागे कॉइल आहेत, आणि तेथे राहणाऱ्या मराठी वाचकांकडून हा प्रश्न हमखास येतो. येथे ब्लॉकऐवजी कॉइलच्या वर किंवा खाली स्पेसर बसतो, किंवा उंच कॉइल घेता येते. एअरबॅग कॉइलच्या आत बसते. अ‍ॅक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड कमानीत फिरतो, म्हणून उंची वाढली की सगळा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. दोन्ही बाजूंना चाक आणि मडगार्ड यांच्यातले अंतर ओळंबा सोडून मोजावे आणि फरक पडला असेल तर लांबी बदलता येणारा रॉड घ्यावा.

तेथील कायदाही पाहावा. नॉर्थ कॅरोलायनात १ डिसेंबर २०२१ पासून पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून अधिक उंच असलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये अशाच गाड्यांविरुद्ध कायदा केला. पुढे उचलून मागे मुद्दाम बसवलेल्या गाडीच्या चालकाला समोरचा रस्ता नीट दिसत नाही, त्यामुळे हे निर्बंध योग्यच आहेत.

भारतात हा बदल कायदेशीर आहे का?

येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचा नोंदणीतला तपशील मूळ निर्मात्याने ठरवलेल्या वैशिष्ट्यांपासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून प्रमाणित होते ती गाडी कारखान्याच्या उंचीची असते. म्हणून दमलेले पाटे बदलून मूळ उंची परत मिळवणे आणि नवी उंची चढवणे या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. दुसरी गोष्ट करण्याआधी आपल्या आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर या विषयावर वाद घालण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

फक्त मागे काम केले असेल तर अलाइनमेंट आणि हेडलाइट पाहावे लागतात का?

होय. सुमारे ३.१ मीटर व्हीलबेसच्या गाडीची मागची बाजू ५० मिलिमीटर उचलली की सारी चॅसिस पुढे झुकते आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) जवळजवळ एक अंशाने घटतो. स्टिअरिंग हलके आणि भरकटल्यासारखे वाटू लागते. म्हणूनच अलाइनमेंट पुढच्या कामानंतर लगेच न करता मागचे काम संपल्यावर एकदाच करावे.

हेडलाइटचेही तसेच आहे. मागची बाजू ५० मिलिमीटर बसली तर २५ मीटर अंतरावर प्रकाशाची कड सुमारे ४० सेंटिमीटर वर जाते. ताम्हिणी किंवा वरंध घाटात समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर नेमका तोच झोत पडतो. डॅशबोर्डवरचा उंची बदलणारा खटका ओझ्याच्या दिवशी वापरावा, पण मूळ जुळवणी सपाट गाडीवर करून घ्यावी.

बसवताना आणि बसवल्यानंतर काय तपासावे?

पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या लावाव्यात, चॅसिस भक्कम स्टँडवर घ्यावी आणि अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर पेलावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. यू बोल्ट नेहमी नवे घ्यावेत. एकदा पूर्ण ताणलेला यू बोल्ट काढून पुन्हा आवळला तर तो पूर्वीइतकी पकड देत नाही. चारही नट तिरक्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आणि निर्मात्याने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत. रबरी बुश असलेले शॅकलचे आणि पुढच्या टोकाचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच घट्ट करावेत; लटकत्या अवस्थेत घट्ट केलेले बुश गाडी खाली येताच पिळले जातात आणि लवकर फाटतात.

काम संपल्यावर प्रत्येक नटापासून प्लेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. ती तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. सुमारे शंभर किलोमीटरनंतर एकदा आणि पाचशे ते आठशे किलोमीटरच्या दरम्यान पुन्हा एकदा सर्व यू बोल्ट टॉर्क रेंचने तपासावेत, कारण नवे पाटे, ब्लॉक आणि त्यांच्यावरचा रंग एकमेकांत दबून पकड सैल होते. कोकणातल्या पावसाळी चिखलातून फिरून आल्यावर पाट्यांमधली माती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढावी आणि त्याच वेळी सेंटर बोल्टचे (पाटे मधोमध एकत्र बांधणाऱ्या बोल्टचे) डोके भोकात नीट बसले आहे का ते पाहावे. दुसऱ्या तपासणीच्या दिवशीच चारही कोपऱ्यांचे माप पुन्हा घेऊन पहिल्या आकड्यांशेजारी लिहावे.